जावयाचा जिताडा

दामूभाऊ म्हात्र्यांनी माझ्या स्कूटरची वाट लावली, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहिले गेले तर मी सगळं विसरलो असा कुणाचा समज व्हायला नको. स्कूटर नवी कोरी होती. नंबर लावून, वाट पाहून पाहून मिळालेली. त्या काळी आमच्या डोंबिवलीत स्कूटर घरी आली की पेढे वाटत. मीही वाटले. समोरच्या दारात दामूभाऊंनी पेढा तोंडात टाकला, तसेच जिना उतरून खाली गेले, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि पाय ठेवायच्या जागेवर वीत लावून पाहिली.

"डबा बसतोय," ते म्हणाले.

कसला डबा, हे विचारायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

डबा तेलाचा होता. पत्र्याचा, चौकोनी, वरची बाजू कापून तारेची कडी लावलेला. त्यात खाडीचं पाणी, पाण्यात जिवंत कोळंबी आणि वर ओलं गोणपाट. दर रविवारी तो डबा माझ्या दोन पायांच्या मध्ये आणि दामूभाऊ मागच्या सीटवर, हातात गळाची काठी उभी धरून. खड्डा आला की पाणी माझ्या पॅन्टवर आणि मागून ओरडा: "केलकर, हलू! त्या घाबरतान!" मी घाबरतो त्याचं काही नाही. ते खारं पाणी पत्र्यात मुरत गेलं आणि शेवटी स्कूटरच्या तळाला भोक पडून मला चालता चालता खालचा रस्ता दिसायला लागला. दामूभाऊंना दाखवलं तर म्हणाले, "बरं झालं, पानी निचरल."

यात भर म्हणजे मी शाकाहारी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण जिवंत कोळंबीच्या डोक्यात एक काळा ठिपका दिसतो आणि गळ तो ठिपका चुकवून घालायचा असतो, ठिपक्याला टोचला की ती तिथेच मेली, हे मला माझ्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक आहे. बोई माशाचं पिल्लू पाठीवरच्या पंखाच्या अलीकडे टोचायचं, तेही वरच्यावर, म्हणजे ते पोहत राहतं. निवटी ओठात. निवटी म्हणजे चिखलात टणाटण उड्या मारणारा, डोळे डोक्यावर गेलेला तो बोटभर मासा. बँकेत समोर माणसं उभी असताना मधेच हे असलं काहीतरी आठवतं आणि मी चुकीच्या रकान्यात सही करतो.

दामूभाऊ ठाण्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात हेडक्लार्क होते. मूळचे खाडीकाठच्या आगरी गावचे. गावचं घर भावांनी घेतलं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये आले. ऑफिसात त्यांची ख्याती अशी होती की सुतळीची गाठ मनासारखी नसेल तर बांधलेलं खोकं परत पाठवायचे. आठवडाभर इस्त्रीची पॅन्ट आणि खिशाला पेन. रविवारी मात्र खाकी हाफपॅन्ट, डोक्याला पंचा आणि तोंडाला कुलूप नाही. दूधकेंद्राच्या रांगेत, जिन्यात, गच्चीवर पापड राखायला बसलेल्या बायकांना, कुणालाही ते एकच गोष्ट सांगायचे. "गल कोनीपन टाकतो. आमिष निवडाला अक्कल लागते."

निवडणं कसलं, छळ होता तो. डोंबिवलीच्या रेतीबंदरावर पारूबाई नावाची एक कोळीण ओहोटीला छोट्या जाळ्याने कोळंबी, बोई, निवट्या असं काय काय धरून घमेल्यात ठेवायची. दामूभाऊ त्या घमेल्यापुढे उकिडवे बसत. एकेक कोळंबी चिमटीत धरून उन्हासमोर नेत. मिशा शाबूत आहेत का, शेपूट ताडकन आपटते का, डोळे काळे आहेत का. "ही आलशी हाय." बाजूला. "हिनं आताच कात टाकलेय, मऊ परली, गलावर टिकनार नाय." बाजूला. "हिच्या पोटात अंडी हायेत. पारू, हिला पान्यात सोर." पारू कपाळाला हात लावायची. पुन्हा पाण्याचा हिशेब वेगळा. उधाणाची भरती असेल तर बोई, अष्टमीच्या आसपासचं, भांगाचं मरगळलेलं पाणी असेल तर कोळंबी, पाणी गढूळ असेल तर निवटी. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे ज्या पाण्यातला मासा धरायचा त्याच पाण्यातलं आमिष पाहिजे. मुंब्र्याकडची कोळंबी डोंबिवलीच्या माशाला चालत नाही. मासा ओळखतो म्हणे. मी एकदा विचारलं, माशाला रेशनकार्ड दाखवावं लागतं का? दामूभाऊ हसले नाहीत. आमिषाच्या बाबतीत त्यांना विनोद खपत नसे.

"ओ म्हात्रेशेट," पारू एकदा कावून म्हणाली, "गलाला लावाची हाय का घरात सून म्हनून आनाची हाय?"

इतकं होईस्तोवर भरती भरून उतरणीला लागलेली असायची. दामूभाऊ पाण्याकडे बघत, मान हलवत आणि म्हणत, "वेल गेली. आता पुढच्या रविवारी." मग आम्ही परत. डबा, काठी, ओली पॅन्ट आणि मी.

एका शनिवारी त्यांच्याकडे पाहुणे होते म्हणून कोळंबीची बादली आमच्या मोरीत आली. त्यांना रविवारी पहाटेच्या भरतीला जायचं होतं. आमची नलिनी मुळात मायाळू. तिला बादलीतलं पाणी कमी वाटलं, म्हणून तिने नळाखाली धरून बादली भरली. सकाळी सगळी कोळंबी पांढरी पडून तळाला. दामूभाऊ मोरीच्या उंबऱ्यावर बसले ते उठेनात. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "नलाच्या पान्यात औषध अस्तं. त्या श्वास कशा घेतील?" नलिनी इतकी ओशाळली की म्हणाली, "चमचाभर मीठ घातलं असतं तर?" त्यावर त्यांनी तिला खाडीचं पाणी आणि मिठाचं पाणी यांतला फरक समजावला. आमची पोळी तव्यावर जळली तरी समजावणं चालूच. त्या दिवसापासून आमच्या मोरीत खाडीच्या पाण्याची एक जास्तीची बादली कायमची येऊन बसली. आम्ही सगळे एका पायावर आंघोळ करायला शिकलो.

इतकं सगळं मी का सोसलं? म्हात्रेवहिनींमुळे.

दामूभाऊंची एकुलती एक मुलगी सुनीता. ठाण्यात एका ऑफिसात टायपिस्ट होती. खोपटच्या एसटी डेपोत कारकून असलेल्या प्रकाशशी तिने रजिस्टर लग्न केलं आणि दोघं जवळच्याच दिवा गावात भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मुलगा सरळ, शिकलेला, आईवडिलांना पैसे पाठवणारा. मुलगा बौद्ध होता. दामूभाऊंनी आरडाओरडा केला नाही, मुलगी मेली असं म्हटलं नाही, दार बंद केलं नाही. उलट लग्न करून दोघं पाया पडायला आली तेव्हा जिन्यातच उभे राहून शांतपणे म्हणाले, "जावई पयल्यांदा घरी येतो तवा त्याला खाडीचा जिताडा घालतान. सासऱ्यानं स्वताच्या हातानं धरलेला. आमची रीत हाय. मी धरतू, मग बोलावतू." दोघं बिचारी उंबऱ्यावरून परत गेली.

जावयाला जिताडा घालायची रीत खरी आहे. मोठा, चविष्ट, खाडीतला मानाचा मासा. त्याचं डोकं जावयाच्या ताटात वाढतात. पण वहिनींनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात बसून नलिनीला सांगितलं, "धरलेला कवा व्हता? माझ्या बापानं बाजारातनं आनलेला. ह्यांनी मुकाट खाल्ला व्हता, काटे सुद्दा चोखले!"

आता कळलं असेल मी का चिडायचो. दामूभाऊ एक कोळंबी आळशी म्हणून बाजूला टाकत, तेव्हा सुनीता आणखी एक आठवडा दिव्यालाच राही. आमची स्कूटर फाटकातून आत आली की वहिनी गॅलरीत असायच्या. आमच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. नजर थेट पिशवीकडे. पिशवी चपटी दिसली की आत जायच्या. बिल्डिंगमधले सुशिक्षित लोक, मी धरून, जिन्यात आवाज खाली आणून चौकशी करायचे, "काय म्हणते सुनीता? बरं आहे ना... तिकडे?" त्या 'तिकडे'चा मला फार राग यायचा. दामूभाऊंना तो ऐकू जायचा आणि ते पुढच्या रविवारी आणखी चिकित्सा करायचे.

मग कळलं की सुनीताला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, सगळीकडे तेच. वहिनींनी जुन्या साड्यांची दुपटी शिवायला घेतली. शिवायच्या आणि ट्रंकेत टाकायच्या. दामूभाऊंना एक शब्द बोलल्या नाहीत. दिव्याला नळाला पाणी येत नाही, खालून भरून आणावं लागतं, पोरगी अवघडलेल्या अंगाने जिने चढते, हे मात्र त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात त्या नलिनीला सांगायच्या.

आणि एका रविवारी सगळं जुळलं. उधाण उतरून पाणी नेमकं हवं तसं, रेतीच्या होड्या बंद, वारा पडलेला. पारूच्या घमेल्यात एक निवटी अशी होती की दामूभाऊंनी ती हातात घेतली आणि त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना. डोळे, पंख, चपळाई, सगळं मनासारखं. उलटून पालटून पाहिलं. पारू तोंडाला पदर लावून हसत होती. त्यांनी निवटी ओठात टोचली, गळ टाकला आणि आम्ही दगडावर बसलो.

थोड्या वेळाने दोरी हलली. माशातलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही कळलं की हे वेगळं आहे. दोरी एकदा थरथरली आणि मग सरळ पाण्यात ओढली जायला लागली. मी दामूभाऊंकडे पाहिलं. काठी त्यांच्या मांडीवर आडवी. ते दोरीकडे बघत होते. हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला. दोरी जात राहिली, थांबली आणि मग सैल पडली. मग त्यांनी सावकाश ती ओढून घेतली. गळ साफ होता.

"आमिष बरोबर नव्हतं," दामूभाऊ म्हणाले.

माझा तोल गेला. मी आयुष्यात कुणावर इतका ओरडलो नसेन. "आमिषाला नावं ठेवू नका! मासा लागला होता, मी बघितला. तुम्हाला मासा नकोच आहे, दामूभाऊ. तुम्हाला जावई नकोय. इतके रविवार त्या पारूच्या घमेल्यापुढे बसून तुम्ही तेच करताय. नको असेल तर वहिनींना तसं तोंडावर सांगा, म्हणजे ती बाई गॅलरीत उभी राहायची तरी थांबेल!"

पारू घमेलं उचलून दूर जाऊन बसली. दामूभाऊ उठले, डब्यावरचं गोणपाट काढलं आणि आत उरलेली सगळी कोळंबी खाडीत ओतून दिली. परतताना रिकामा डबा माझ्या पायांत खडखडत होता. आमच्या फाटकाशी उतरल्यावर ते काठी भिंतीला टेकवून उभे राहिले.

"गावाला लग्नकार्याला गेलू की भाऊबंद विचारतान, जावई कोन? कोनातला?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी सांगतू, पोरगी ठान्याला नोकरीला हाय. ते जावई विचारतान, मी नोकरी सांगतू. सगल्यांना ठाव हाय. फकस्त माझ्या तोंडून निंगत नाय."

मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण राग जास्त आला. आठवडाभर सुतळीच्या गाठी तपासणाऱ्या माणसाला दोन शब्द तोंडातून काढता येऊ नयेत?

त्यानंतर रविवारी दारावर थाप पडेना. डबा त्यांच्या गॅलरीत पालथा घालून ठेवलेला दिसायचा. नलिनीने मोरीतली बादली घासून पुसून वाळत घातली आणि म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे!" मी स्कूटरचा तळ वेल्डिंग करून घेतला. रविवारी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं, तर नेमका भल्या सकाळी जागा व्हायचो आणि भरती किती वाजता आहे याचा विचार करायचो. इतकी चीड मला स्वतःची कधी आली नव्हती.

असे बरेच रविवार गेल्यावर एकदा थाप पडली. दामूभाऊ दारात, अंगात ऑफिसचे इस्त्रीचे कपडे, पायात बूट.

"स्कूटर काडा, केलकर."

त्यांच्या मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी एक कापडी पिशवी पुढे केली. वरून दुपटी दिसत होती. पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली, नवऱ्याच्या नाही. डोळे सुजलेले होते. आदल्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही.

दामूभाऊंनी मला मासळीबाजारात थांबवलं. मी बाहेर नाकाला रुमाल लावून उभा. नेहमीचा हिशेब लावून मी म्हटलं, आता दुपारपर्यंत सुटका नाही. तर माणूस लगेच परत! हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गोणपाट बांधलेला, शेपूट बाहेर आलेला मोठा जिताडा. "पाहून घेतलात का?" मी विचारलं. "चला," ते म्हणाले. बर्फाचं पाणी माझ्या नव्या वेल्डिंगवर ठिबकायला लागलं. मी दातओठ खात किक मारली.

शिळफाट्यावरून दिव्याला जाणारा रस्ता तेव्हा रस्ता म्हणण्याच्या लायकीचा नव्हता. धूळ खात, आदळत, विचारत विचारत आम्ही पोचलो. बिल्डिंगला अजून गिलावा व्हायचा होता आणि लोक राहायला आलेले. तिसऱ्या मजल्यावर सुनीताने दार उघडलं. पोट चांगलंच पुढे आलेलं, चेहरा उतरलेला. "बाबा," एवढंच म्हणाली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. आतून प्रकाश आला. बनियनवर घाईघाईने शर्ट चढवत, बटणं वरखाली लावलेली. त्याने वाकून नमस्कार केला, आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

जिताडा मोरीत ठेवलेला. प्रकाशला बिचाऱ्याला वाटलं असेल, सासऱ्यांच्या आवडीचं काहीतरी विचारावं. सुनीताने त्याला सगळं सांगितलेलं असणारच.

"छान मोठा मिळाला," तो अदबीने म्हणाला. "कुठलं आमिष लावलं होतं, बाबा?"

दूधकेंद्रापासून गच्चीपर्यंत ज्या विषयावर या माणसाने लोकांना पळवून लावलं, तो विषय जावयाने आपणहून पुढे केला होता. मला वाटलं, आता निवटी म्हणणार. म्हणाले असते तरी मी गप्प बसलो असतो.

"धरलेला नाय," ते म्हणाले. "बाजारातनं आनलाय. धराला बसलू अस्तू, तं पोर शालेत जाईस्तवर आलू नस्तू."

सुनीता रडायला लागली, तशीच उभ्याने, पदर तोंडात धरून. प्रकाश कधी तिच्याकडे बघे, कधी सासऱ्यांकडे. दामूभाऊंना हे असलं सहन होत नसे. ते ताडकन उठले, बूट काढून शर्टाच्या बाह्या वर करत मोरीत गेले आणि तिथूनच ओरडायला लागले. "ही काय सुरी हाय? हिनं लोनी तरी कापल का? आनि पिंपात पानी कुठंय?" पिंपात पाणी नव्हतं. नळ खाली, आणि पाणी यायची वेळ आत्ताचीच. प्रकाशने पटकन बादली उचलली. दामूभाऊंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुमी बसा. जावयानं पानी भराचं नस्तं." दारातून वळून मुलीला म्हणाले, "डोकं त्यांच्या ताटात वाड. आनि जेवन झालं की कपरे भर. तुजी आय वाट बगतेय." आणि प्रकाशला, "तुमीपन चला."

बादली घेऊन ते अनवाणी जिना उतरले. मला कुणी काही विचारलं नाही. मी वहिनींची पिशवी खाटेवर ठेवली आणि त्यांच्या मागोमाग निघालो. म्हटलं, निदान स्कूटरवरचं माशाचं पाणी पुसून घ्यावं. दामूभाऊ येतील त्यांचे ते. निरोप घ्यायला म्हणून मी नळाकडे गेलो तर तिथे हंड्याकळशांची लांबलचक रांग आणि रांगेच्या मधोमध इस्त्रीच्या कपड्यांतले दामूभाऊ. एका बाईशी त्यांची जुंपली होती. ते घुसले असं तिचं म्हणणं, आणि तिचा हंडा रांगेत नीट ठेवलेला नाही असं यांचं.

"ओ, इथे बाहेरच्यांना पाणी नाही मिळत," बाई म्हणाली. "तुम्हाला कधी बघितलं नाही बिल्डिंगमध्ये. कोण तुम्ही? कोणाकडे आलाय?"

सगळी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. दामूभाऊंनी बादली खाली ठेवली, एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"मी प्रकाशचा सासरा."